घमेल्याखालचे अकरा दिवस

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरू केलं आणि पुसलं. गोष्ट चांगली आहे, शेवट तर फारच चांगला आहे, पेपरात फोटोसुद्धा आला आमचा. पण मधले तीन दिवस मी जसा वागलो ते लिहायचं म्हणजे बोटं थांबतात. आता न थांबता टाइप करतो. चुका राहिल्या तर राहू देत.

मी मानस चोगले. कारळ बंदर, तालुका दापोली. वय चोवीस. बारावीला फिजिक्समध्ये नापास, तेही दोनदा. नंतर जे शिकलो ते फोनवर, जेट्टीच्या कठड्यावर बसून, कारण रेंज तिथंच यायची. आणि आज माझं काम फिजिक्सचंच आहे. आमचे मास्तर भेटले की हसतात. मीपण हसतो.

आमच्या गावाच्या सात पवनचक्क्या आहेत. समुद्रात, किनाऱ्यापासून अडतीस किलोमीटरवर, तरंगत्या. गावाच्या म्हणजे खरंच गावाच्या, कारळ मच्छीमार सहकारी संस्थेच्या. आजूबाजूला सगळ्या मोठ्या कंपन्या. त्यांच्या चक्क्यांभोवती पिवळे बोये लावलेत, आत कुणाची होडी जाऊ शकत नाही. आमच्या पट्ट्यात मात्र दोन चक्क्यांच्या मधे जाळं टाकता येतं, कारण भाडेपट्टा आमचा. समुद्राचा तेवढाच तुकडा आमच्या हातात उरलाय.

आता थोडं शास्त्र. कंटाळू नका, थोडकंच आहे.

चक्क्यांची वीज ज्या केबलनं किनाऱ्यावर येते, तिच्या पोटात केसाएवढी बारीक काचेची तार असते. केबल किनाऱ्याला लागते तिथल्या आमच्या स्टेशनातल्या पेटीतून त्या तारेत लेसरचा ठिपका सोडायचा. काच कितीही स्वच्छ असली तरी तिच्यात बारीक बारीक खोट असते, आणि प्रत्येक खोटीवरून थोडासा उजेड मागं परततो. केबलजवळ काही आवाज झाला की काच अगदी किंचित ताणली जाते, आणि त्या जागेवरून परतणारा उजेड बदलतो. किती वेळानं परतला त्यावरून जागा कळते, कसा बदलला त्यावरून आवाज कळतो. म्हणजे केबलचा प्रत्येक मीटर हा एक कान झाला. आमचे अडतीस हजार कान आहेत. जहाज गेलं, ऐकू येतं. चक्कीचा नांगर सरकला, ऐकू येतो. घोळ मासा पोटातून गुरगुरतो ना, तोसुद्धा ऐकू येतो.

हे जमायला लागलं तसा कायदा आला. समुद्रात चक्की उभी करायची असेल तर समुद्रानं काय ऐकलं ते दर तिमाहीला नियामक मंडळाकडे जमा करायचं. तिमाही संपल्यावर तीस दिवस मुदत. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच. प्रत्येक नोंदीची वेळ एका सेकंदाच्या आत बरोबर हवी, कारण शेजारच्या केबलांनी तेच जहाज ऐकलेलं असतं आणि सगळं एकमेकांशी ताडून बघतात.

ताडून बघणारं यंत्र म्हणजे 'द्वारपाल'. सरकारी नाव. गावात सगळे त्याला नुसतं 'पाल' म्हणतात. फाइल परत आली की म्हणायचं, पाल चुकचुकली.

पालीची खासियत अशी की तिला फसवता येत नाही. एका मोठ्या कंपनीनं जुन्या वर्षाची फाइल तारखा बदलून पाठवली होती. पालीनं दोन मिनिटांत परत केली. शेरा होता, "चंद्र चुकीचा आहे." भरतीओहोटी त्या तारखांची नव्हतीच.

आणि दुसरी गोष्ट. पालीनं फाइल घेतली नाही तर पाच वाजता किनाऱ्यावरचा स्विच आपोआप उघडतो. वीज बंद, तीन महिने. पाच वर्षांत दुसऱ्यांदा असं झालं तर पट्टाच रद्द. मुदतवाढ नाही. या एका शब्दावर आपला अर्धा देश चालायचा, आणि तो शब्दच गेला. आमच्या पावसे नाखवांना हे पटतच नव्हतं. पावसे नाखवा म्हणजे संस्थेचे चेअरमन, वय अडुसष्ट, चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान होते. दोन वर्षांपूर्वी आमची फाइल वीस मिनिटं उशिरा गेली, तेव्हा ते बर्फात पापलेटं घालून मंडळाच्या ऑफिसात गेले. तिथला साहेब हात जोडून म्हणाला, "नाखवा, मासे घेऊन जा. माझ्याकडं दाबायला बटणच नाही."

तर आमची एक चूक तेव्हाच जमा झाली होती. दुसरी परवडणार नव्हती.

स्टेशनात आम्ही दोघंच. फाइल माझ्याकडं, यंत्र अझीमकडं. अझीम परकार, मोहल्ल्यातला. पहिलीपासून एका बाकावर. मला सॉफ्टवेअर कळतं, त्याला आवाज कळतो. इंजिन चालू झालं की तो न बघता सांगतो कुणाची बोट आहे आणि तिला काय झालंय.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. मुदत शुक्रवारी पाच वाजता. मंगळवारी सकाळी मी फाइल चाचणीला टाकली. नाखवा मागं उभे, हात पाठीमागं बांधून. स्क्रीनवर आलं, "अकरा दिवसांचे कालप्रमाण अनुपलब्ध. अस्वीकृत."

"पाल चुकचुकली," अझीम म्हणाला.

"म्हणजे काय रे? मराठीत सांग," नाखवा म्हणाले.

"मराठीतच आहे नाखवा."

"मग माणसांच्या मराठीत सांग."

मी सांगितलं. पेटीला वेळ उपग्रहाकडून मिळते. स्टेशनच्या स्लॅबवर पांढरं बोंडासारखं अँटेना आहे, ते वेळ पकडतं. ते बंद पडलं तरी पेटी स्वतःच्या घड्याळावर काही दिवस काढते. पण तेवढ्यात वीज गेली आणि पेटी परत चालू झाली तर तिला काहीच आठवत नाही. ती एक जानेवारी दोन हजारपासून मोजायला लागते. तसंच झालं होतं. मार्च महिन्यातले अकरा दिवस. त्यात तीनदा वीज गेली, पहिल्यांदा तर पहिल्याच दिवशी, म्हणून नोंदीचे तीन तुकडे. आवाज सगळा होता, पण कधीचा ते कुणालाच माहीत नव्हतं. वीज गेलेले तास पाल माफ करते. वेळ नसलेली नोंद माफ करत नाही.

"पण अँटेना बंद कशानं पडलं?" नाखवांनी विचारलं.

अझीम भिंतीकडं बघत होता. म्हणाला, "फेब्रुवारीत त्याची वायर मीच बदलली. जोड ढिला राहिला असेल."

"यंत्र तुझ्याकडं ना?"

"हो."

"गावाचा पट्टा आहे हा, अझीम. खेळणं नाही."

"माहितीये नाखवा."

"घरी जा. शुक्रवारनंतर बघू."

मी स्क्रीनवरची तारीख बघत होतो. होळीनंतरचा तिसरा दिवस. त्या दिवशी काय झालं होतं ते मला माहीत होतं.

आई जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, सुकवते. स्टेशनचा स्लॅब स्वच्छ, वाळू नाही, कुत्री नाहीत, म्हणून त्या दिवशी मीच तिला म्हटलं होतं, वर घाल. तिनं घातला. पण त्या पांढऱ्या बोंडावर कावळा येऊन बसायचा आणि जवळ्यात घाण करायचा. मग मी तिचं ॲल्युमिनियमचं घमेलं घेतलं आणि त्या बोंडावर उपडं घातलं. कावळा घसरायचा. आई हसली. मला वाटलं, दोन दिवस तर आहेत, पेटीचं घड्याळ तेवढं धरतं. वीज जाईल हे हिशेबात धरलंच नव्हतं. आणि मग मी ते काढायलाही विसरलो. अकरा दिवसांनी आईलाच घमेलं लागलं तेव्हा काढलं.

हे सगळं मला त्या एका सेकंदात आठवलं, आणि मी काही बोललो नाही.

अझीम चपला घालताना म्हणाला, "मान्या, तू वर जाऊन तो जोड बघशील का? मला आता वर जायला तोंड नाही."

मी म्हटलं, "बघतो."

यापेक्षा वाईट शब्द मी आयुष्यात बोललो नाही.

दुपारी घरी गेलो. आई ओट्यावर बोंबील निवडत बसली होती. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"अझीमला घरी बसवला म्हणे."

"हं."

"घमेल्याचं बोललास?"

मी पाणी प्यायला लागलो. ती मान खाली घालून निवडतच राहिली.

"मी सांगू का नाखव्यांना? घमेलं माझंच आहे."

"तू नको."

"मग तू."

"आधी ते दिवस शोधतो आई. फाइल गेली की सांगतो. आत्ता सांगून कुणाचं काय भलं होणारे?"

"अझीमचं," ती म्हणाली. आणि बोंबलांचं टोपलं उचलून आत गेली.

मी पळून स्टेशनात आलो. खरंच सांगतो, पळूनच.

बुधवारी डोक्यात एक गोष्ट आली. पाल जर चंद्रावरून तारीख ओळखते, तर मी का नाही? केबलचा किनाऱ्याजवळचा भाग भरतीच्या पाण्याच्या वजनानं हळूहळू दबतो आणि ओहोटीला सुटतो. रोज दोनदा. प्रत्येक तुकड्यात त्या लाटा दिसत होत्या. आता आमच्या खाडीच्या तोंडाशी पाणी कधी चढलं ते हवं होतं. सरकारी कोष्टक मोठ्या बंदरांचं, आमच्याकडं पाणी आपल्या मर्जीनं येतं. पण पावसे नाखवांची वही होती. बोट सोडल्यापासून ते रोज जेट्टीवर उभं राहून भरतीची वेळ आणि उंची लिहितात. कशासाठी, कुणी विचारलेलं नाही. सवय.

वहीत तारखा नव्हत्या. तिथी होत्या. आमच्याकडं भरती तिथीवरच मोजतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. अष्टमीला सहा वाजता. हे घड्याळ गावात पोराटोरांनाही पाठ असतं. होळीची पौर्णिमा झाल्यावर वद्य तृतीयेपासून माझे अकरा दिवस सुरू होत होते. मी मोजत गेलो. पहिला तुकडा चपखल बसला. दुसरा बसवला तर तो एक दिवस पुढं सरकला आणि तिसऱ्याच्या अंगावर चढला. परत मोजलं. परत तेच. सकाळी अकरा ते चार मी तेच करत होतो.

शेवटी नाखवांकडं गेलो.

"नाखवा, तुमच्या वहीत षष्ठी नाही. पंचमी आहे, मग एकदम सप्तमी. एक दिवस लिहायचा राहिला तुमचा."

ते चहा पीत होते. कप खाली ठेवला.

"राहिला?"

"म्हणजे विसरला असाल."

"अकरा वर्षांत एक दिवस विसरलेलो नाही मी. बायको गेली त्या दिवशीसुद्धा लिहिलीय भरती. त्या महिन्यात षष्ठी नव्हतीच."

"नव्हती म्हणजे?"

"क्षय झाली. ते भिंतीवरचं कॅलेंडर बघायला शिकवलं नाही का तुझ्या फोननं?"

बघितलं. बारीक अक्षरात छापलेलं होतं. तिथी चंद्रावर चालते, दिवस सूर्यावर. एखादी तिथी सूर्य उगवल्यावर सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत संपून जाते. तिला सूर्योदयच मिळत नाही, म्हणून तिला दिवसही मिळत नाही. मी जो दिवस शोधत होतो तो झालाच नव्हता.

"आणि हे तू लेसरनं समुद्र ऐकतोस," नाखवा म्हणाले.

दुसरा तुकडा एक दिवस मागं घेतला. तिन्ही तुकडे रांगेत बसले, एकमेकांना धक्का न लावता. मला इतका आनंद झाला की मी नाखवांचा उरलेला चहा पिऊन टाकला.

पण भरतीवरून वेळ कळते ती दहा मिनिटं इकडं, दहा मिनिटं तिकडं. पालीला हवा होता सेकंद.

गुरुवारी मी सगळी नोंद चित्रासारखी पसरून बघत बसलो. आडवी केबल, उभी वेळ. होडी गेली की तिरकी रेघ दिसते. जहाजाची जाड रेघ. मग एक रेघ दिसली, जवळजवळ आडवी. किनाऱ्याकडून निघाली आणि सहा सेकंदांत सातही चक्क्यांपर्यंत पोचली. अशा रेघा मी दोन वर्षं बघत होतो. त्यांना मी 'ट्रक' असं नाव दिलेलं, वाळूचे ट्रक जातात ना वरच्या रस्त्यानं, म्हणून. शिकवणारं कुणी नसलं की माणूस स्वतःचीच समजूत घालतो. त्या दिवशी पहिल्यांदा भागाकार केला. अडतीस किलोमीटर, सहा सेकंद. म्हणजे सेकंदाला सहा किलोमीटरपेक्षा जास्त. पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर जातो. म्हणजे हे पाण्यातून येतच नव्हतं. खडकातून येत होतं, पूर्वेकडून.

पूर्वेला काय आहे? डोंगर, आणि डोंगरापलीकडं कोयना.

कोयनेच्या बाजूला बारीक धक्के वर्षभर चालू असतात. बहुतेक कुणाला कळतही नाहीत. पण भूकंपमापक यंत्रांना कळतात, आणि प्रत्येक धक्क्याची वेळ सरकारी यादीत छापून येते, सेकंदाच्या दशांशापर्यंत. मी जानेवारी-फेब्रुवारीचे धक्के काढले, जेव्हा आमचं घड्याळ ठीक होतं. नऊ धक्के, माझे नऊ 'ट्रक'. प्रत्येक वेळी कोयनेत धक्का बसल्यावर चौदा सेकंदांनी आमच्या केबलचं किनाऱ्याचं टोक हललं होतं. फरक दोन-तीन दशांशांचा.

म्हणजे घड्याळ होतं. जमिनीच्या पोटात. आणि त्याला घमेलं झाकू शकत नव्हतं.

मार्चमधल्या त्या अकरा दिवसांत यादीत तीन धक्के होते. भरतीवरून ते कुठल्या तुकड्यात कुठं शोधायचे ते कळलेलंच होतं. पहिला सापडला. दुसरा सापडला. दोन तुकड्यांना सेकंद मिळाला. तिसरा धक्का फार लहान होता आणि बरोबर त्याच वीस मिनिटांत किनाऱ्याच्या टोकाशी कसलीतरी ठकठक चालू होती, बाकी सगळं गिळून टाकणारी. मी गाळण्या लावल्या, उलट्या केल्या, सुलट्या केल्या. गुरुवार संपला.

ठकठक कसली ते सांगणारा माणूस मला माहीत होता. तो चुलतभावाच्या बोटीवर गेला होता, कारण घरी बसून लोकांची तोंडं बघवत नव्हती.

शुक्रवारी सकाळी नऊला बोट लागली. अझीम टोपल्या उतरवत होता. मला बघून म्हणाला, "जोड बघितलास?"

"जोड चांगला होता."

"मग?"

मी सांगितलं. जवळा, कावळा, घमेलं, विसरलो ते, आणि मंगळवारी मला कळलं होतं ते. सगळं एका दमात, आत्ता टाइप करतोय तसंच. त्यानं हातातली टोपली खाली ठेवली नाही. ऐकत उभा राहिला. पाणी टपकत होतं त्याच्या पायांवर.

"मंगळवारी," तो म्हणाला.

"हो."

"मी तुला जोड बघायला सांगितला तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि आज कशाला आलास? माफी मागायला, का काम आहे?"

"दोन्ही."

तो हसला, पण ते हसणं माझ्यासाठी नव्हतं. "निदान आज तरी खरं बोललास. काय काम आहे?"

मी हेडफोन पुढं केला. त्यानं टोपली ठेवली, हात शर्टला पुसले आणि ऐकलं. दहा सेकंदसुद्धा नाही.

"बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर. पट्टा सैल आहे त्याचा. ऐक, पाच ठोके पडतात, सहावा उशिरा येतो. मी त्यांना कधीचा सांगतोय बदला म्हणून."

"मला वाटलं आवाज असाच, वेडावाकडा आहे."

"वेडावाकडा नाही. लंगडा आहे. चाल कळली की लंगडाही ओळखता येतो." टोपल्या भावाकडं ढकलून तो चालायला लागला. मी उभाच. तो मागं वळून म्हणाला, "येतोस ना? पाच वाजता बंद होतं तुझं दुकान."

आम्ही कारखान्यात गेलो. मशीन चालूच होतं. अझीमनं उभं राहून त्याची चाल मोजली, मी फोनवर आवाज घेतला. स्टेशनात येऊन मी तीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, पाच ठोके आणि एक उशिराचा, तेवढंच नोंदीतून वजा करणारा. पहिल्यांदा चुकला. अझीम म्हणाला, "दुपारी भार वाढला की चाल थोडी वेगळी होते, तेवढं जमेत धर." धरलं. तीन वाजून चाळीस मिनिटांनी ठकठक विरली आणि खालून एक बारीक, जवळजवळ आडवी रेघ वर आली.

 मी वेळ वजा केली. चौदा पूर्णांक दोन सेकंद.

नाखवा आले. संस्थेचे आणखी आठदहा लोक दारात. आईपण आली होती, मागं उभी होती. मी फाइल जोडली. सोबत पद्धत लिहिली: भरती, वही, क्षय तिथी, नऊ जुने धक्के, तीन नवे. साडेचारला पाठवायला गेलो तर पालीनं एक चौकोन उघडला. "खंडाचे कारण व जबाबदार व्यक्ती." सार्वजनिक नोंद. कायमची.

नाखवा म्हणाले, "लिही, यंत्रातला बिघाड. जबाबदार..." आणि त्यांनी अझीमकडं बघितलं.

अझीम स्क्रीनकडं बघत होता. तो माझ्याकडं बघतही नव्हता. निसटायची सगळी संधी त्यानं मला देऊन टाकली होती, आणि ती संधी मला नको होती.

मी लिहिलं. "उपग्रह अँटेनावर ॲल्युमिनियमचे घमेले उपडे घातले व अकरा दिवस काढावयाचे राहिले. जबाबदार: मानस मधुकर चोगले. यंत्र देखभालीत कोणताही दोष नव्हता. तिसरा धक्का अझीम परकार यांच्यामुळे सापडला."

नाखवांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं.

"मंगळवारी का नाही बोललास?"

"भीती वाटली."

"कुणाची?"

"तुमची."

"आणि आता?"

"आता पण वाटतेय."

मागून आईचा आवाज आला, "घमेलं माझं आहे म्हणून लिही की खाली." दारातले दोघंतिघं हसले. नाखवा हसले नाहीत. ते अझीमसमोर गेले, आणि चाळीस वर्षं ज्यांनी कुणाला चुकलो म्हटलं नसेल ते म्हणाले, "मी आधी विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

"असू दे नाखवा," अझीम म्हणाला. "फाइल जाऊ दे आधी."

चार छत्तीसला पाठवली. पाल विचार करते तेव्हा स्क्रीनवर एक ठिपका फिरतो. एरवी दोन मिनिटं फिरतो. चार पंचेचाळीस. चार पन्नास. कुणीतरी म्हणालं, चंद्र बघत असेल. चार बावन्नला शेजारच्या तीन कंपन्यांच्या केबलांचा उल्लेख आला. म्हणजे ती त्यांच्या नोंदीत तेच तीन धक्के शोधत होती. त्यांना ते 'ट्रक' म्हणूनसुद्धा कधी दिसले नव्हते, पण होते. त्याच सेकंदाला होते.

चार सत्तावन्न. "स्वीकृत."

  मग नाखवा म्हणाले, "वाच. माणसांच्या मराठीत वाच."

"घेतली नाखवा. आपली फाइल घेतली. पट्टा आपलाच आहे."

मग जे झालं ते सांगत बसत नाही. ढोल कुठून आला मला माहीत नाही. अझीमला लोकांनी खांद्यावर घेतला. मला कुणी घेतलं नाही, आणि तेच बरोबर होतं. जेट्टीवरच्या बायकांनी आईला घमेलं घेऊन मधे उभं केलं. पेपरात आला तो हाच फोटो.

सोमवारी मंडळातून एका मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "तुमच्या कारणपत्रातलं एक उपकरण आमच्या यादीत सापडत नाही. घमेलं. त्याचा उत्पादक कोण?" मी समजावून सांगितलं.  मग त्या इतक्या हसल्या की फोन ठेवून परत करावा लागला. परत केला तेव्हा मात्र कामाचंच बोलल्या. धक्क्यांवरून वेळ बसवायची पद्धत नीट लिहून द्याल का, पूर्ण किनाऱ्याला उपयोग होईल. मी आणि अझीमनं मिळून लिहिली. सहा महिन्यांनी ती नियमात आली. आता कुणाच्याही पेटीचं घड्याळ गेलं तरी कोयना त्याला वेळ सांगते. या वर्षी आमच्यासारख्या दोन छोट्या संस्था त्यावर वाचल्या, एक श्रीवर्धनकडची, एक खाली मालवणकडची. नियमात तिचं नाव छापलंय 'कारळ पद्धत'. बारावी नापास माणसाच्या गावाचं नाव. वहीतल्या तिथी चालतील, क्षय तिथीची नोंद ठेवावी, असंही एक कलम आहे. ते नाखवांनी फ्रेम करून लावलंय.

नियम आला त्या दिवशी सकाळी मी आणि अझीम चक्क्या तपासायला बोटीनं गेलो. वारा बेताचा होता. तिसऱ्या आणि चौथ्या चक्कीच्या मधे गावातल्या दोन होड्या जाळं ओढत होत्या. अझीमनं इंजिन बंद केलं. बरा वागत होता तो माझ्याशी, रोज बरोबर चहा पीत होता. पण मला माहीत होतं, एक गोष्ट राहिलीय.

मग तो आपणहून म्हणाला, "ते तीन दिवस मी बोटीवर काय करत होतो माहितीये? मनातल्या मनात तो जोड आवळत होतो. फेब्रुवारीत आवळला होता ना, तोच. परत काढायचा, परत आवळायचा. मला तो आवळलेला स्पष्ट आठवत होता, आणि तरी मला वाटायला लागलं की मी आवळलाच नव्हता. माझ्या कानांवरचा विश्वास गेला होता रे. चोर ठरवलं असतं तर चाललं असतं."

 होडीवाल्यांनी जाळं वर घेतलं. चांगलं भरलं होतं.

"अझीम, मी परत चुकणार. यंत्राचं काम आहे, कधीतरी चुकणारच," मी म्हटलं. "पण चुकलो की पहिलं तुला सांगीन. कळल्या कळल्या, त्याच जागी उभा राहून. नाखवांच्या आधी, आईच्या आधी. पालीच्या तर कितीतरी आधी."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "लिहून दे."

हे लिहून दिलं.